कपातीच्या वर्षातली पेरणी



रब्बी ज्वारीची भाकरी आपल्याकडे घरोघरी होते. ती ज्वारी पुष्कळदा 'मालदांडी ३५-१' या वाणाची असते. नसली, तर या वाणाच्या शेजारी लावून, त्याच्याशी ताडून पुढे आणलेल्या एखाद्या नव्या वाणाची असते. मालदांडी ही सोलापूरकडची जुनी स्थानिक ज्वारी. सोलापूर जिल्ह्यातील मोहोळ येथे १९३० च्या दशकात तिच्यातून एक-एक ताट पारखून हा वाण वेगळा काढण्यात आला. मोत्यासारखा टपोरा दाणा, जनावरांना गोड लागणारा कडबा आणि परतीच्या पावसाने जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर तग धरण्याची ताकद हे त्याचे गुण. आठ दशकांनंतरही तो शेतकऱ्याच्या पाभरीत आहे. ज्या दशकात हे काम झाले ते दशक मात्र सुबत्तेचे नव्हते. जागतिक मंदीने शेतमालाचे भाव कोसळले होते, कर्जापायी जमिनी हातच्या जात होत्या आणि सरकारी खर्चाला सर्वत्र कात्री लागली होती. तरीही १९३२ मध्ये नीरेच्या कालव्यावर पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र सुरू झाले. त्याच सुमारास १९२९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी संशोधन परिषदेच्या पैशातून सोलापूर, विजापूर, रायचूर, हगरी आणि रोहतक येथे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाची योजना आखली गेली. पावसाबरोबर शेतातून किती माती वाहून जाते, बांध घातल्यावर किती अडते, दोन ओळींत अंतर किती ठेवले तर शेवटच्या महिन्यात ओल पुरते, अशी मोजमापे त्या योजनेत वर्षानुवर्षे झाली. पुढे १९४२ मध्ये मुंबई इलाख्यात जमीन सुधारणेचा कायदा झाला आणि बांधबंदिस्ती गावोगाव पोचली. तेव्हा किती उताराला किती अंतरावर बांध घालायचा हे सांगणारे आकडे हाताशी होते, कारण पैशाची चणचण असताना कोणीतरी ते मोजून ठेवले होते.

आज सरकारांची तिजोरी पुन्हा आवळली जात आहे. अशा वेळी पहिली कात्री कुठे चालते हे पाहिले, तर कृषी संशोधन केंद्रांचा क्रमांक फार वर लागतो. ४ मे २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने कोविडमुळे विकास योजनांवरील खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांपर्यंत मर्यादित केला आणि नवी भरती थांबवली. तो प्रसंग अपवादात्मक होता आणि त्या निर्णयावर मी टीका करत नाही. पण काटकसरीची पद्धत तेव्हा उघड दिसली, आणि ती इतर वर्षांतही, कमी तीव्रतेने, तीच असते. सर्व खात्यांना सारखी टक्केवारी लावायची, म्हणजे कोणावर अन्याय नाही, असा तिच्यामागचा विचार. माझे म्हणणे असे आहे की ही सारखी टक्केवारी संशोधन केंद्रावर सारखी पडत नाही. केंद्राचे उत्पादन असते सातत्य, आणि सातत्यात दहा टक्के कपात करता येत नाही. ते एक तर टिकते किंवा तुटते.

हिशेब साधा आहे. समजा एखाद्या केंद्राला वर्षाला १०० रुपये मिळतात आणि त्यातले ८५ रुपये वेतन, निवृत्तिवेतन, वीजबिल, कुंपण यांत जातात. उरलेल्या १५ रुपयांत बियाणे, मजुरी, खते, प्रयोगशाळेतली रसायने, ट्रॅक्टरचे डिझेल आणि पाखरे राखणाऱ्या माणसाची रोजंदारी भागवायची असते. आता दहा टक्के कपात आली. वेतन कमी करता येत नाही, वीज तोडता येत नाही. दहाचे दहा रुपये त्या पंधरांतून जातात आणि हंगामासाठी पाच उरतात. कागदावर दहा टक्के कपात झाली, वाफ्यांवर मात्र ६७ टक्के. शिवाय हे पाच रुपये कधी मिळतात तेही महत्त्वाचे आहे. आर्थिक वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि अनुदान हप्त्याहप्त्याने सुटते. वाफसा मात्र जूनमध्ये येतो आणि शासन निर्णयाची वाट पाहत नाही. सप्टेंबरमध्ये आलेल्या पैशातून खरिपाची पेरणी होत नाही. त्यातून मार्चअखेर खरेदी तेवढी होते. म्हणून मजूर कमी, चाचणीच्या ओळी कमी, एकाच ठिकाणी केलेली चाचणी, अर्धवट नोंदवही, असे केंद्र पगार देत चालू राहते आणि काम करणे बंद करते. माझ्या मते पूर्ण बंद केलेल्या केंद्रापेक्षा हे महाग पडते, कारण खर्च बहुतेक तसाच राहतो आणि हाती काही लागत नाही.

सातत्य हा शब्द हवेतला वाटू नये म्हणून एक उदाहरण जरा सविस्तर घेतो. जालना जिल्ह्यातील बदनापूरचे केंद्र तुरीसाठी ओळखले जाते. तुरीचे दोन मोठे शत्रू म्हणजे मर रोग आणि वांझ रोग. मर रोगाची बुरशी जमिनीत राहते, आणि बटलर या शास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी ती ओळखली. मर रोगाला तोंड देणारे झाड निवडायचे तर आधी रोगट जमीन हवी. म्हणून चांगल्या जमिनीचा एक तुकडा मुद्दाम आजारी करावा लागतो. दरवर्षी तिथे रोगाला सहज बळी पडणारी तूर लावायची, मेलेली धसकटे त्याच मातीत गाडायची, आणि जवळपास प्रत्येक झाड मरू लागेपर्यंत हे करत राहायचे. मग त्या तुकड्यात शेकडो नवे वंश पेरायचे. जो उभा राहील तो पुढे न्यायचा. वांझ रोगाची गोष्ट आणखी नाजूक आहे. डोळ्यांना न दिसणाऱ्या कोळ्यामार्फत तो पसरतो, म्हणून रोगट झाडाचे पान कोवळ्या रोपाच्या पानाला टाचून लावतात आणि कोळी इकडून तिकडे जाण्याची वाट पाहतात. यासाठी रोगट झाडे वर्षभर जिवंत ठेवावी लागतात. 'बीएसएमआर ७३६' आणि 'बीएसएमआर ८५३' हे वाण या चाळणीतून आले, आणि त्यांच्या नावातला 'बी' बदनापूरचा आहे. २०१२ मध्ये प्रसारित झालेला 'बीडीएन ७११' हा लवकर तयार होणारा वाणही त्याच केंद्राचा. आता कल्पना करा की दोन वर्षे मजुरीला पैसे नाहीत म्हणून तो तुकडा पडीक राहिला किंवा तिथे दुसरेच पीक घेतले. बुरशीचे प्रमाण घटते. पुढच्या वर्षी पेरलेले वंश जगतात, पण ते त्यांच्या अंगच्या ताकदीने जगले की रोगच नव्हता म्हणून, हे कोणी सांगू शकत नाही. चाळणीची भोके मोठी झाली, एवढेच. ती पुन्हा बारीक करायला पैसा लागतोच आणि वर्षेही लागतात. वर्षे पुरवणी मागणीत मंजूर होत नाहीत.

दुसरी बाजू वेळेची. उसाचा 'को ८६०३२' हा वाण घ्या. तो कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेत संकरातून तयार झाला. नावातले ८६ हे वर्ष आहे. पाडेगावला त्याच्या चाचण्या झाल्या आणि १९९६ मध्ये 'नीरा' या नावाने महाराष्ट्रासाठी त्याची शिफारस झाली. क्रमांक मिळाल्यापासून शिफारशीपर्यंत दहा वर्षे गेली. त्याआधी संकर करण्यात, रोपे वाढवण्यात आणि हजारोंतून काही निवडण्यात गेलेली वर्षे वेगळीच. या दहा वर्षांत किती अर्थसंकल्प आले असतील त्याचा हिशेब करा. त्यातल्या एकाही वर्षी चाचणीचा ऊस तोडायला, रस तपासायला पैसे नसते, तर खोडव्याच्या नोंदीत खंड पडला असता. आणि उसात खोडवा कसा येतो यावरच शेतकऱ्याचे गणित असते. तेव्हापासून राज्यातल्या उसाच्या क्षेत्राचा फार मोठा भाग या एका वाणाने व्यापला. हे यशाचे लक्षण आहे, तसेच धोक्याचेही. उत्तर प्रदेशात नेमके असेच झाले. २००९ मध्ये प्रसारित झालेल्या 'को ०२३८' ने तिथल्या उसाचे ८० टक्क्यांहून अधिक क्षेत्र व्यापले, साखरेचा उतारा वाढला, आणि मग लाल कुजीने त्या वाणाला गाठले. रोग बदलला होता, वाण तोच होता. पर्यायी वाण ज्या केंद्रांत तयार होते तिथेच सुटकेचा मार्ग होता. संशोधनाचा खर्च म्हणजे काहीतरी नवे मिळवण्याचा खर्च, असे आपण धरून चालतो. त्याचा मोठा भाग मिळालेले टिकवण्यात जातो. गव्हाचा तांबेरा नव्या जाती काढत राहतो. १९९८-९९ मध्ये युगांडात सापडलेल्या 'यूजी ९९' ने अनेक देशांतील गव्हाचा भरवशाचा एक प्रतिकार मोडला. अशा गोष्टींवर पहारा ठेवण्यासाठी महाबळेश्वरसारख्या थंड जागी गहू तांबेरा केंद्र असते. धरणाच्या भिंतीची देखभाल एक वर्ष टाळली तर पाणी लगेच वाहून जात नाही, म्हणून ती टाळण्याचा मोह होतो. इथेही तसेच होते.

इंग्लंडमध्ये रोथॅमस्टेड येथे जॉन बेनेट लॉज आणि जोसेफ हेन्री गिल्बर्ट यांनी १८४३ मध्ये ब्रॉडबॉक नावाच्या शेतात गव्हाचा एक प्रयोग सुरू केला. तो आजही चालू आहे. दरवर्षीच्या धान्याचे आणि काडाचे नमुने तिथे जपून ठेवले जातात. एकविसाव्या शतकात संशोधकांनी त्या जुन्या नमुन्यांतून बुरशीचा डीएनए काढला आणि दीडशे वर्षांत गव्हावरचे रोग कसे बदलले, हवेतल्या गंधकाच्या प्रदूषणाशी त्याचा काय संबंध होता, हे दाखवले. १८४३ मध्ये डीएनए हा शब्दही नव्हता. नमुने ठेवणाऱ्याला त्यांचा उपयोग सांगता आला नसता, आणि 'या नमुन्यांचा या वर्षी काय लाभ' अशा रकान्यात त्याला काही लिहिता आले नसते. तो प्रयोग टिकला याचे एक कारण रोकड स्वरूपाचे आहे. १८८९ मध्ये लॉज यांनी एक लाख पौंडांचा विश्वस्त निधी त्यासाठी बाजूला काढून ठेवला. पुढे सरकारे आली आणि गेली, दोन महायुद्धे झाली, पण त्या शेतात पेरणी होत राहिली. आपल्याकडेही अकोल्याच्या कृषी विद्यापीठात १९८८ पासून ज्वारी-गहू या पीकक्रमावर खतांचा दीर्घकालीन प्रयोग चालू आहे. नुसते नत्र देत राहिलेल्या काळ्या जमिनीचे काय होते आणि शेणखताची जोड दिली तर काय होते, हे तीन दशकांनंतर त्या वाफ्यांत दिसते. विदर्भातल्या जमिनीबद्दल इतका लांबचा पुरावा दुसरीकडून आणता येणार नाही. त्यामागे लॉज यांच्यासारखा निधी नाही. दरवर्षीचे अनुदान आहे.

आता आकडे. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या आर्थिक पाहणीत म्हटले आहे की कृषी संशोधनात, शिक्षण धरून, गुंतवलेल्या प्रत्येक रुपयामागे १३.८५ रुपये परत मिळतात, आणि २०२२-२३ मध्ये यावर १९.६५ हजार कोटी रुपये खर्च झाले. त्याच वर्षी खतांवरील अनुदान अडीच लाख कोटींच्या घरात होते. या दोन आकड्यांची तुलना करून खत अनुदान बंद करा असे मी म्हणणार नाही. पण संशोधनाला कात्री लावून तिजोरीत काही उरते, ही समजूत या तुलनेपुढे टिकत नाही. परताव्याच्या आकड्यांवर एक आक्षेप मात्र गंभीर आहे. अर्थशास्त्रज्ञ यशस्वी वाण निवडतात, त्यांचा हिशेब मांडतात, आणि फसलेले प्रयोग कोणी मोजत नाही. झ्वी ग्रिलिखेस यांनी १९५८ मध्ये अमेरिकेतील संकरित मक्याचा जो प्रसिद्ध अभ्यास केला तो एका मोठ्या यशाचाच अभ्यास होता. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणून एका अभ्यासावर विसंबू नये. ज्युलियन ऑल्स्टन आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये जगभरातील २९२ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा परताव्याचा मध्यक वर्षाला सुमारे ४४ टक्के निघाला. त्यातले निम्मे फुगवलेले धरून सोडून दिले, तरी जे उरते ते सरकार ज्या व्याजाने कर्ज काढते त्याच्या कितीतरी वर आहे. याच अर्थशास्त्रज्ञांनी दुसरीही एक गोष्ट दाखवली आहे, आणि माझ्या युक्तिवादाला ती अधिक जवळची आहे. संशोधनाचा परिणाम कळसाला पोचायला दोन-अडीच दशके लागतात आणि तो त्यानंतरही बराच काळ ओसरत राहतो. म्हणजे कपातीचा तोटा कपात करणाऱ्याच्या कारकिर्दीत दिसतच नाही. ज्या खर्चाच्या कपातीला कोणी ओरडत नाही तो खर्च निरुपयोगी असतो, असा तर्क खजिन्यात नकळत चालतो. इथे तो उलटा ठरतो.

यावर सर्वांत जड उत्तर माणुसकीच्या बाजूने येते. शेतकरी आज अडचणीत आहे. विहीर आटली आहे, सोसायटीचे कर्ज थकले आहे. त्याला पंचवीस वर्षांनंतरच्या वाणाचे काय? आधी मदत, मग संशोधन. महाराष्ट्राने २०१७ मध्ये ३४,०२२ कोटींची कर्जमाफी जाहीर केली, २०१९ मध्ये दोन लाखांपर्यंतची दुसरी. मदत लागेल तेव्हा द्यायलाच हवी. बुडणाऱ्याला पोहणे शिकवण्याची ती वेळ नसते. पण दर काही वर्षांनी तीच मदत त्याच भागात का लागते, हा प्रश्न मदतीनेच उभा केला आहे. मराठवाड्यात पाऊस दीड महिना उघडीप देतो तेव्हा लवकर येणारी तूर निभते आणि उशिराची जळते. हलक्या रानात एक ज्वारी आणि भारी रानात दुसरी लावायची, हे जमिनीच्या खोलीनुसार वेगवेगळे वाण शिफारस करून विद्यापीठांनी सांगितले आहे. हलक्या जमिनीला 'फुले अनुराधा', मध्यमला 'फुले सुचित्रा', भारीला 'फुले वसुधा'. अशा प्रत्येक शिफारशीने पुढच्या दुष्काळातल्या मदतीची गरज थोडी कमी होते. मदत आणि संशोधन यांना एकाच पैशासाठी झगडायला लावणे हीच मांडणीची चूक आहे. संशोधनाची रक्कम इतकी लहान आहे की ती पूर्ण काढून घेतली तरी मदतीच्या रकमेत फरक जाणवणार नाही.

दुसरे उत्तर बाजाराचे. बियाणे कंपन्या आहेत, त्यांच्याकडे भांडवल आहे, सरकारने यातून अंग काढावे. ज्या पिकांत शेतकरी दरवर्षी बियाणे विकत घेतो, तिथे हे बऱ्याच अंशी घडलेही आहे. संकरित कापूस, मका, भाजीपाला यांत कंपन्यांचे काम मोठे आहे आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण हरभरा, तूर, रब्बी ज्वारी, नाचणी यांचे बी शेतकरी घरचे ठेवतो, शेजाऱ्याला देतो, आणि २००१ च्या वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने तो हक्क त्याला दिला आहे. एकदा विकून पुन्हा विकता येत नाही अशा मालात कोणती कंपनी दहा वर्षे घालवील? इंग्लंडने हा प्रयोग करून पाहिला. केंब्रिजची प्लांट ब्रीडिंग इन्स्टिट्यूट ही सरकारी संस्था इतकी यशस्वी होती की देशातील गव्हाच्या क्षेत्राचा मोठा भाग तिच्या वाणांखाली होता. १९८७ मध्ये ती ६ कोटी ६० लाख पौंडांना युनिलिव्हरला विकली गेली आणि १९९८ मध्ये मॉन्सँटोच्या हाती गेली. विकताना किंमत आली ती त्या काळी नफा देणाऱ्या वाणांची. पुढच्या वाणांसाठी कच्चा माल तयार करणारे लांबचे काम नफ्याच्या हिशेबात बसणारे नव्हते, त्याची सोय पुन्हा सार्वजनिक पैशातून करावी लागली. आपल्याकडचा कापूस याहून बोलका आहे. २००२ मध्ये बीटी कापसाला परवानगी मिळाली, काही वर्षांत देशी आणि सरळ वाण बाजारातून जवळजवळ नाहीसे झाले, आणि २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भ-मराठवाड्यात हाहाकार केला. त्या वेळी शेतकऱ्याला हवे होते ते कमी दिवसांत वेचणी आटोपणारे वाण, फरदड टाळण्याचा सल्ला आणि कामगंध सापळ्यांचे वेळापत्रक. कंपनीला विकता येईल असे यातले फारसे काही नव्हते. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी ते सांगितले.

तिसरा आक्षेप केंद्रांवरच आहे आणि तो मला सर्वांत अधिक अस्वस्थ करतो. अनेक केंद्रांचे काम ढिले आहे, दरवर्षी संयुक्त कृषी संशोधन समितीच्या बैठकीत शिफारशींची यादी वाढते पण त्यातल्या कित्येक शेतात पोचत नाहीत, नवे वाण कागदावर येतात आणि त्यांचे पैदासकार बियाणेच पुरेसे तयार होत नाही. हे खरे आहे. काही केंद्रे राजकीय आग्रहातून उभी राहिली हेही खरे आहे. पण दोष कोणत्या कारणाचा हे पाहावे लागते. वर्षानुवर्षे शास्त्रज्ञांची पदे रिक्त ठेवायची, एका माणसाकडे तीन पिकांचा आणि दोन केंद्रांचा कार्यभार द्यायचा, आणि मग काम ढिले आहे म्हणून पैसे कमी करायचे, हे आजाऱ्याचे जेवण बंद करून तो अशक्त का म्हणून विचारण्यासारखे आहे. तरीही मी असे म्हणणार नाही की आहे ते सर्व टिकवा. उलट, काही केंद्रे बंद करावीत असे माझे स्पष्ट मत आहे. सगळ्यांना अर्धपोटी ठेवण्यापेक्षा निम्म्यांना पोटभर देणे चांगले. फक्त निवड करताना एकच प्रश्न विचारावा: हे काम इथून उठवले तर दुसरीकडे उभे करता येईल का, आणि किती वर्षांत? नुसत्या पडताळणीच्या चाचण्या घेणारी जागा शेजारच्या केंद्रात विलीन झाली तर फार बिघडत नाही. पण सांगलीजवळच्या कसबे डिग्रजला सोयाबीनवर तांबेरा नैसर्गिकरीत्या येतो, म्हणूनच 'फुले संगम' सारखा वाण तिथे पारखता येतो. पनवेलची खार जमीन खारी आहे म्हणूनच तिथे खारे पाणी सोसणारे भात निवडता येते. मावळातल्या पावसातच आंबेमोहोराचे रक्त असलेला 'इंद्रायणी' तयार झाला, १९८७ मध्ये, आणि आज पुण्या-मुंबईच्या बाजारात तो लोक नावाने मागतात. या जागा तिथल्या हवेमुळे, मातीमुळे आणि रोगामुळे केंद्रे झाल्या आहेत. त्यांच्या जमिनी शहराच्या कडेला आल्या की त्यांच्यावर रस्ते, इमारती, कार्यालये यांची नजर जाते, आणि 'दुसरीकडे तेवढेच एकर देऊ' असे सांगितले जाते. एकर तेवढेच मिळतात. वीस वर्षांच्या नोंदी असलेली माती मिळत नाही. आता जनुकीय तंत्र आले, प्रयोगशाळेतच सर्व होईल, प्रक्षेत्रे कशाला, असाही एक नवा आक्षेप ऐकू येतो. त्याला उत्तर थोडक्यात: जनुकसंपादनाने चाचणीला येणाऱ्या वंशांची संख्या वाढते, आणि ते सगळे शेवटी कोणत्या तरी मातीतच पेरून पाहावे लागतात.

मग पैसा कुठून? या प्रश्नाला आपल्याच इतिहासात उत्तर आहे, आणि त्या उत्तराची मर्यादाही. १९२१ मध्ये मुंबईत भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२३ च्या कायद्याने कापसाच्या प्रत्येक गाठीमागे काही आण्यांचा उपकर बसला. गिरणीत जाणाऱ्या किंवा परदेशी निघालेल्या गाठीवर तो वसूल होई. त्यातून माटुंग्याला १९२४ मध्ये कापसाची तंत्र प्रयोगशाळा उभी राहिली, जिथे पैदासकाराने पाठवलेल्या रुईचे सूत काढून तिची पारख होत असे. इंदूरच्या संस्थेलाही याच पैशाचा आधार मिळाला. तिथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी कंपोस्टची पद्धत विकसित केली. ऊस कारखानदारीने १९७५ मध्ये मांजरीला जी संस्था उभारली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तीही कारखान्यांच्या टनामागच्या वर्गणीवर चालते. हा मार्ग सशक्त आहे, कारण पैसा अर्थसंकल्पाच्या दारात उभा राहत नाही. द्राक्ष, कांदा, डाळिंब यांच्या निर्यातीवर असा छोटा उपकर घेऊन तो त्याच पिकाच्या केंद्रांसाठी राखून ठेवावा, असे मला वाटते. पण उपकराला एक दरवाजा लागतो, जिथून माल जाताना पैसे घेता येतील. उसाला कारखान्याचे गेट आहे, कापसाला जिनिंगचे. रब्बी ज्वारीला कोणते? ती घरी खाल्ली जाते, कडबा गोठ्यात जातो, थोडी आठवडे बाजारात विकली जाते. नाचणी, वरई, कोरडवाहू तूर यांचेही तसेच. म्हणजे सर्व भार उपकरावर टाकला तर सर्वांत गरीब शेतकऱ्याचे पीक सर्वांत आधी अनाथ होईल. ज्या पिकाला गेट नाही त्याच्यासाठी सरकारचा पैसा राखला पाहिजे आणि ज्याला गेट आहे त्याने आपला बराच भार उचलला पाहिजे. आज अनुदान या फरकाने वाटले जात नाही. पदांच्या मंजूर संख्येवरून वाटले जाते.

म्हणून अर्थसंकल्पाच्या मांडणीतच एक बदल करावा असे मी सुचवतो. केंद्राच्या वेतनेतर खर्चातला हंगामाचा भाग, म्हणजे पेरणी, चाचण्या, जनुकद्रव्याचे जतन, आजारी तुकडे आणि दीर्घकालीन वाफे यांचा खर्च, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली आणावा. त्या शीर्षाला काटकसरीच्या सरसकट आदेशातून सूट असावी, जशी कर्जावरच्या व्याजाला असते. ती रक्कम तीन वर्षांची एकदम मंजूर व्हावी आणि दरवर्षी १५ मेपूर्वी केंद्राच्या खात्यात जमा व्हावी. ३१ मार्चला उरलेले पैसे परत न जाता पुढच्या हंगामात वापरता यावेत, कारण पाऊस उशिरा आला तर खर्चही उशिरा होतो. वित्त विभाग म्हणेल की प्रत्येक खात्याला अशी सूट हवी असते आणि एकाला दिली की सर्वांना द्यावी लागेल. हा आक्षेप योग्य आहे, म्हणून सूट मागणाऱ्याने किंमतही द्यावी. ज्या केंद्राला हे संरक्षण मिळेल त्याने आपल्या प्रत्येक चाचणीच्या मूळ नोंदी, फसलेल्या चाचण्यांच्यासुद्धा, दरवर्षी सर्वांना पाहता येतील अशा खुल्या ठेवाव्यात. सलग दोन हंगाम नोंदी आल्या नाहीत तर संरक्षण जाईल आणि ते केंद्र विलीनीकरणाच्या यादीत येईल. कोणत्या केंद्रांना हे आधी लागू करायचे त्याची यादी चारही कृषी विद्यापीठांनी, राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली यांनी, मिळून करावी. 'दुसरीकडे उभे करता येईल का' हा एकच निकष लावला तर ती यादी फार लांब होणार नाही. तिच्यातल्या सर्व केंद्रांचा हंगामी खर्च एकत्र केला तरी तो एखाद्या मध्यम धरणाच्या वाढीव अंदाजपत्रकापेक्षा कमी भरेल असे मला वाटते. यादी करणाऱ्यांनी तो आकडा प्रत्यक्ष मांडावा आणि पुढच्या अर्थसंकल्पाआधी, म्हणजे फेब्रुवारीपर्यंत, विधिमंडळापुढे ठेवावा. मृग त्यानंतर चार महिन्यांवर असतो.